आतडी पुन्हा चिकटू नयेत म्हणून: ऐरोलीच्या एका रुग्णाची तिसरी शस्त्रक्रिया

रुग्ण: ३४ वर्षांची स्त्री, राहणार ऐरोली. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिते. एक मुलगी, वय ९. दुसऱ्या मुलासाठी चार वर्षं प्रयत्न चालू. आधीच्या शस्त्रक्रिया दोन: १९ व्या वर्षी गावाकडे फुटलेल्या ॲपेंडिक्ससाठी पोट उघडलं होतं, २५ व्या वर्षी सिझेरियन. मधुमेह, रक्तदाब, दमा नाही. तक्रार: दोन दिवस पोटात येऊन-जाऊन कळा, हिरवट उलट्या, आदल्या संध्याकाळपासून संडास आणि वारा दोन्ही बंद.

ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. उलट, “माझ्यासारख्या बायका गॅसच्या गोळ्या खात बसतात, त्यांच्यासाठी लिहाच,” असं त्यांनीच सांगितलं.

मी ठाण्यात पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. हे प्रकरण दुर्मीळ नाही, आणि म्हणूनच ते सविस्तर लिहावंसं वाटलं. पोट उघडल्यावर आत आतडी एकमेकांना, पोटाच्या भिंतीला, गर्भाशयाला चिकटतात हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. पण ते टाळायचं कसं, आणि त्याबद्दल रुग्णाशी बोलायचं कसं, यावर फार थोडं शिकवलं जातं.

तीन वर्षांचा ‘गॅस’

दाखल झाल्या तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पोट फुगलेलं, ॲपेंडिक्सचा आणि सिझेरियनचा असे दोन जुने व्रण. कळ आली की बाई पाय पोटाशी घ्यायच्या, ओसरली की शांत पडून राहायच्या. स्टेथोस्कोप ठेवला तर आतून उंच, धातूवर थेंब पडावा तसे आवाज. ताप नव्हता. नाडी ९६. पोट दाबल्यावर दुखत होतं, पण कडक झालेलं नव्हतं.

मी विचारलं, “ताई, असं आधी कधी झालं होतं?”

“एवढं नाही. पण पोटात पीळ पडतो तीन वर्षं झाली. एक गोळा असा फिरतो आणि मग गुडगुड करून सुटतो. डॉक्टर म्हणायचे ॲसिडिटी.”

त्यांच्या सासूबाईंनी पिशवीतून जुने कागद काढले. आम्लपित्ताच्या गोळ्या, जंतांच्या गोळ्या, एकदा पोटाची सोनोग्राफी, ‘काही विशेष नाही’ असा शेरा. दोष कुणाला द्यावा असं त्यात काही नाही. चिकटलेली आतडी सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत, आणि दोन झटक्यांच्या मधे तपासलं तर पोट अगदी मऊ लागतं. हा आजार इतिहासातून ओळखायचा असतो. पोटावर जुना व्रण, जेवणानंतर येणारी पिळाची कळ, पोट फुगणं, आणि मग आवाज होऊन अचानक सुटका. हे चार एकत्र दिसले तर ॲसिडिटीच्या पलीकडे पाहावं.

सीटी स्कॅनमध्ये लहान आतडं साडेतीन सेंटिमीटरपर्यंत फुगलेलं दिसलं. उजव्या बाजूला खाली, जुन्या ॲपेंडिक्सच्या जागेजवळ, फुगलेलं आतडं एकदम बारीक होत होतं. आतड्याच्या भिंतीला रक्तपुरवठा ठीक होता, रक्तातलं लॅक्टेट (आतड्याला रक्त कमी पडलं की वाढणारं द्रव्य) ठीक, पोटॅशियम मात्र उतरलेलं.

अशा वेळी घाईने पोट उघडायचं नसतं, आणि फार थांबायचंही नसतं. आतडं काळं पडत असल्याची चिन्हं असतील, म्हणजे सतत दुखणं, ताप, वाढती नाडी, कडक पोट, तर लगेच शस्त्रक्रिया. नसतील तर नाकातून रायल्स ट्यूब (पोटात साचलेला द्रव बाहेर काढणारी नळी), सलाईन, पोटॅशियम भरून काढणं आणि नजर ठेवणं. या पद्धतीने पुष्कळ रुग्ण चाकूशिवाय सुटतात. चिकटलेल्या आतड्यांच्या अडथळ्यासाठी जगभरच्या शल्यविशारदांनी बोलोन्यात ठरवलेली जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात असं थांबणं साधारण ७२ तासांपर्यंत सुरक्षित मानलं आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही नळीतून १०० मिलिलिटर गॅस्ट्रोग्राफिन दिलं. एक्स-रेमध्ये दिसणारं हे पाण्यात विरघळणारं औषध २४ तासांत मोठ्या आतड्यात पोचलं तर बहुतेक वेळा अडथळा आपोआप सुटतो. आठ तासांनी पोचलं नव्हतं. चोवीस तासांनीही नाही. तिसऱ्या दिवशी कळांमधलं अंतर कमी झालं आणि नळीतून येणारा हिरवा द्रव वाढला. शस्त्रक्रिया ठरली.

पोटात नेमकं काय घडतं

घरच्यांशी बोलताना मला हा भाग नेहमी सावकाश सांगावा लागतो, म्हणून इथेही सावकाशच सांगतो.

पोटाच्या आतून आणि प्रत्येक आतड्यावरून एक पातळ, ओलं, गुळगुळीत आवरण असतं, त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्याच्यामुळे आतडी एकमेकांवरून घसरत राहतात. शस्त्रक्रियेत हे आवरण कापलं जातं, घासलं जातं, कोरड्या कापडाने पुसलं जातं, दिव्याखाली सुकतं, डायथर्मीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या, रक्त थांबवणाऱ्या उपकरणाने) भाजतं. जखमी जागेतून रक्तद्रव झिरपतो आणि काही तासांतच त्यातून फायब्रिनचा थर तयार होतो. हा थर म्हणजे ओली खळ. निरोगी पेरिटोनियम स्वतःच ती विरघळवण्याची द्रव्यं स्रवतं, आणि जखम साधी असेल तर दोन-तीन दिवसांत ती नाहीशी होते. पण जिथे रक्तपुरवठा तुटला आहे, जंतुसंसर्ग आहे, धाग्याचा किंवा हातमोज्यांच्या पावडरचा कण आहे, तिथे विरघळवण्याची शक्ती घटते. खळ वाळते. मग त्यात पेशी शिरतात, कोलॅजन भरतं, रक्तवाहिन्या येतात, आणि दोन पृष्ठभाग कायमचे जोडले जातात.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. कातडीवरची जखम कडेकडून भरत येते, म्हणून मोठ्या जखमेला जास्त दिवस लागतात. पेरिटोनियमचं तसं नाही. तिथे नव्या पेशी संपूर्ण पृष्ठभागावर एकाच वेळी उगवतात, म्हणून जखम रुपयाएवढी असो की हातभर, साधारण पाच ते आठ दिवसांत नवं आवरण तयार होतं. म्हणजेच सगळी लढाई त्या एका आठवड्याची. तेवढे दिवस दोन जखमी पृष्ठभाग एकमेकांपासून दूर ठेवता आले तर प्रत्येक जण आपापला बरा होतो. आठवडा उलटला की करण्यासारखं काही उरत नाही. चिकटू न देण्याची संधी फक्त शस्त्रक्रियेच्या टेबलावरच असते, आणि म्हणून हा प्रश्न पोट उघडायच्या आधी ठरवायचा असतो.

आजाराचा आवाका किती, हे आकड्यांत सांगायचं तर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापलेला स्कॉटलंडचा अभ्यास पाहावा. १९८६ मध्ये पोट किंवा ओटीपोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला. त्यातले ३४.६ टक्के रुग्ण चिकटण्याशी निश्चितपणे किंवा कदाचित संबंध असलेल्या कारणांसाठी पुन्हा रुग्णालयात आले, सरासरी २.१ वेळा. निश्चित संबंध असलेले दाखले याहून बरेच कमी होते, हेही लक्षात ठेवायला हवं. पण वाट लांब असते हे त्यातून ठळक दिसतं. आमच्या रुग्णाला ॲपेंडिक्सनंतर पंधरा वर्षांनी अडथळा आला.

नवरा, सासूबाई आणि सेल्युलोज

संमतीपत्रावर सही घेण्याआधी मी तिघांनाही बसवलं. शस्त्रक्रियेचे धोके सांगितले. चिकटलेली आतडी सोडवताना आतड्याला भोक पडू शकतं, आणि हा धोका खरोखर मोठा आहे. पूर्वी पोट उघडलेल्या रुग्णांचं पोट पुन्हा उघडताना एका डच अभ्यासात २७० पैकी ५२ जणांच्या आतड्याला नकळत इजा झाली होती. आणि सोडवलेली आतडी पुन्हा चिकटू शकतात, हेही सांगितलं.

पुढे मी म्हणालो की चिकटण्याची शक्यता कमी करणारं एक जेल आहे, ते शेवटी आत सोडता येईल. ते कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज आणि हायलुरोनिक आम्लाचं मिश्रण आहे.

नवरा रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. तो एकदम म्हणाला, “म्हणजे सीएमसी? आमच्याकडे गोणीत येतं ते!”

मला हे फार आवडलं, कारण इथून खरा संवाद सुरू झाला. त्याचं बरोबर होतं. सेल्युलोज म्हणजे झाडांच्या पेशींची भिंत, कापूस जवळजवळ त्याचाच बनलेला असतो. ते पाण्यात विरघळत नाही. अल्कली आणि मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाशी त्याची क्रिया केली की त्याच्या साखळीवर पाण्याची ओढ असलेले ऋणभारित गट बसतात आणि ते पाण्यात मिसळून दाट, निसरडं द्रावण होतं. टूथपेस्टमध्ये, आइस्क्रीममध्ये, डिटर्जंटमध्ये आणि डोळे कोरडे पडल्यावर घालायच्या थेंबांत हेच असतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात भरतात ते हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज याच घराण्यातलं. सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यांना लगेच पटलं.

पण गोणीतलं आणि पोटातलं सीएमसी एक नव्हे, हे मी नवऱ्याला ठासून सांगितलं. पोटात घालायचं ते अतिशुद्ध, निर्जंतुक, साखळीची लांबी आणि दाटपणा ठरवून घेतलेलं असतं. जिवाणूंच्या भिंतीतले विषारी अंश त्यात नाहीत याची चाचणी झालेली असते, कारण ते अंश स्वतःच दाह निर्माण करतात, आणि दाह म्हणजे आणखी चिकटणं.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. “पोटात परकं काहीतरी ठेवणार. मग ते काढायला परत पोट उघडायचं का?”

“नाही, आई. आपल्या शरीराकडे सेल्युलोज पचवायचं विकर नाही, म्हणून ते लगेच नाहीसं होत नाही, आणि तेच आपल्याला हवंय. आठवडाभर ते आतड्यांवर लेपासारखं राहतं. मग हळूहळू शोषलं जाऊन बाहेर पडतं.”

आणि रुग्णाचा प्रश्न, जो सर्वांत अवघड होता: “लावलं तर परत नाही ना चिकटणार?”

खात्री देता येत नाही, एवढंच खरं उत्तर आहे, आणि मी तेच दिलं. शक्यता कमी होते. किती कमी होते, ते कुठलं साधन, कुठल्या जागी आणि काय मोजलं यावर ठरतं. खर्च त्यांना स्वतः करावा लागणार होता. पैशांचा आकडा सांगून मी बाहेर गेलो. त्यांनी अर्ध्या तासाने होकार दिला. नवऱ्याने कारण सांगितलं की दुसऱ्या मुलाची आशा आहे, आणि तिथली नळी पुन्हा चिकटायला नको. या प्रकरणात जेलचं पारडं जड झालं ते मुख्यतः याच कारणाने. अडथळ्याइतकाच स्त्रीच्या बीजवाहिनीभोवतीच्या चिकटण्याचा विचार व्हायला हवा. सिझेरियननंतर किंवा फुटलेल्या ॲपेंडिक्सनंतर दुसरं मूल राहत नाही, यामागे तेही एक महत्त्वाचं कारण असतं.

पट्टी, पाणी की जेल

आता साधनांबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निर्णयाचा गाभा हाच आहे.

साधं सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट एक-दोन लिटर आत सोडून द्यायची जुनी पद्धत आहे. कल्पना अशी की आतडी पाण्यात तरंगतील आणि एकमेकांना लागणार नाहीत. अडचण अशी की पेरिटोनियम ते तासाला ३० ते ६० मिलिलिटर वेगाने शोषून घेतं. दीड-दोन दिवसांत पोट कोरडं, आणि आवरण तयार व्हायला तर पाच दिवस हवेत. यावर उत्तर म्हणून मोठ्या रेणूंची द्रावणं आली. आयकोडेक्स्ट्रिनचं चार टक्के द्रावण स्टार्चपासून बनतं आणि तीन-चार दिवस टिकतं. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये स्त्रीरोगाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळाली. सीएमसीचं द्रावण मनुष्याआधी प्राण्यांत अभ्यासलं गेलं. घोड्यांना पोटदुखीसाठी पोट उघडल्यावर आतडी चिकटण्याचा त्रास फार होतो, म्हणून घोड्यांचे शल्यविशारद सीएमसीचं एक टक्का द्रावण आत सोडतात. आतडी हाताळायच्या आधीच ते लावलं तर हातमोज्यांचं घर्षणही कमी होतं. हा विचार मला आमच्या माणसांच्या थिएटरमध्येही आणखी रुजायला हवा असं वाटतं.

मग पट्ट्या. इंटरसीड ही ऑक्सिडाइज केलेल्या सेल्युलोजची विणलेली पट्टी, अमेरिकेत १९८९ पासून मान्य. ती गर्भाशय, अंडाशय अशा ठरावीक जागी छान बसते. पण खाली रक्त झिरपत असेल तर ती काळी पडते आणि उपयोग तर जातोच, उलट चिकटणं वाढू शकतं. रक्तस्राव पूर्ण थांबलेला हवा, ही तिची अट कडक आहे.

सेप्राफिल्म म्हणजे हायलुरोनिक आम्ल आणि सीएमसी यांचा पातळ पापुद्रा, १९९६ पासून मान्य. त्यावरचा १९९६ चा अभ्यास आजही सांगितला जातो. मोठं आतडं काढून तात्पुरतं स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) ठेवलेल्या रुग्णांत स्टोमा बंद करायच्या वेळी दुर्बिणीतून आत पाहिलं, तेव्हा पापुद्रा लावलेल्यांपैकी ५१ टक्क्यांत व्रणाखाली काहीच चिकटलेलं नव्हतं, न लावलेल्यांत फक्त ६ टक्क्यांत. हा आकडा पाहून कुणाचाही विश्वास बसेल. पण २००६ मध्ये आतडं कापलेल्या रुग्णांवर मोठी चाचणी आली. त्यात आतड्याच्या अडथळ्याचं एकूण प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, साधारण १२ टक्के. चिकटण्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती मात्र लावलेल्यांत १.८ टक्क्यांना, न लावलेल्यांत ३.४ टक्क्यांना. दोन्ही अभ्यास एकत्र वाचल्याशिवाय माझ्या मते कुणी या साधनांबद्दल बोलू नये. पहिला सांगतो की चिकटणं खरंच कमी होतं. दुसरा सांगतो की त्याचा सगळा फायदा रुग्णाच्या त्रासापर्यंत पोचत नाही, पण गंभीर त्रास थोडा कमी होतो.

आणि एक धोका. २००३ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं की आतडं जोडलेल्या टाक्यांभोवती हा पापुद्रा गुंडाळला तर टाके गळण्याचं प्रमाण वाढतं. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे: शरीर गळती बुजवायला चिकटण्याचाच आधार घेतं. म्हणून जिथे आतडं शिवलेलं आहे तिथे कुठलाही असा थर मी लावत नाही.

दुर्बिणीतून पापुद्रा आत नेणं कठीण, ओल्या हातमोज्याला तो लगेच चिकटतो, कडक झाला की मोडतो. आमच्या रुग्णाच्या ओटीपोटातल्या वाकड्यातिकड्या जागांवर पट्टी बसवणंही शक्य नव्हतं. म्हणून वाहतं जेल. ते पिळून दिलं की खाचखळग्यांत आपलं आपण पसरतं.

टेबलावर

दोन जुने व्रण असलेल्या पोटात पहिली सुई कुठे टोचायची, हा पहिला प्रश्न. बेंबीजवळ आतडं चिकटलेलं असण्याची भीती, म्हणून डाव्या बरगडीच्या खाली सुमारे तीन सेंटिमीटरवर, पामर बिंदूतून दुर्बीण आत नेली. तिथे सहसा काही चिकटलेलं नसतं. नव्हतंच.

आतलं चित्र असं होतं. पोटातला चरबीचा पडदा दोन्ही व्रणांना खालून चिकटलेला. उजवीकडे खाली, ॲपेंडिक्सच्या जागेपासून लहान आतड्याच्या पडद्यापर्यंत एक घट्ट, पांढरी, दोरीसारखी पट्टी. तिच्याखाली आतड्याचा एक वळसा अडकलेला, रंग जांभळट. वरचं आतडं फुगून टम्म, खालचं रिकामं. पट्टीच्या मुळाशी उजवी बीजवाहिनी आणि अंडाशय त्याच गोळ्यात गुंतलेले.

पट्टी कापली. वळसा सुटला. आता वाट पाहायची असते, आणि घाईत बरेचदा नेमकं तेच राहून जातं. काही मिनिटांत जांभळा रंग गुलाबी झाला, आतड्याची लाट त्यातून सरकली. कापून जोडायची गरज नाही हे स्पष्ट झालं, आणि जेल वापरायचा मार्ग मोकळा झाला.

यानंतरचा मोह असतो सगळंच सोडवून टाकायचा. मी तो टाळला. व्रणाखालचा चरबीचा पडदा कुणाला अडवत नव्हता, तो तसाच ठेवला. प्रत्येक सोडवलेली जागा म्हणजे एक नवी जखम, आणि प्रत्येक नवी जखम पुढच्या आठवड्यात चिकटायला तयार. बीजवाहिनीसाठी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आधीच तयार होऊन आल्या होत्या. त्यांनी जाळ्यासारखे पातळ धागे कापले, दाट जागा हात न लावता सोडल्या. अडथळ्याच्या शस्त्रक्रियेत खालून रंग सोडून नळी तपासणं त्यांनी नाकारलं. फुगलेल्या आतड्यांच्या पोटात जंतू नेण्याचं कारण नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं मला पटलं.

एक ठिकाणी आतड्याच्या बाहेरच्या थराला लहानशी चीर गेली होती. ती एका टाक्याने शिवली. आतलं भोक नव्हतं.

जेलआधी जे केलं ते माझ्या मते जेलपेक्षा महत्त्वाचं आहे. बिनापावडरचे हातमोजे. पावडरचे मोजे अमेरिकेने २०१७ च्या जानेवारीपासून बंद केले, आपल्याकडे ते अजून पुष्कळ ठिकाणी दिसतात. गुठळ्या आणि रक्त कोमट सलाईनने धुऊन काढलं. कोरडं गॉज आतड्यावर फिरवलं नाही. डायथर्मी जपून. कापलेलं पेरिटोनियम ताणून शिवलं नाही, कारण टाक्याने आवळलेल्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथेच पहिली खळ साचते. इतकं केल्यावर उजव्या खळग्यात, बीजवाहिनीभोवती आणि सुटलेल्या वळशावर जेल पसरलं. शिवलेल्या चिरेपासून ते दूर ठेवलं. काढलेल्या पट्टीचा तुकडा तपासणीला पाठवला. आपल्याकडे पोटातला क्षयरोगही आतडी अशीच चिकटवतो, आणि तो निसटला तर कितीही जेल लावून उपयोग नाही.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी रायल्स ट्यूब काढली आणि सिस्टरांनी त्यांना वॉर्डातून फिरवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे वारा सरला. सासूबाईंनी ही बातमी मला लिफ्टमध्येच गाठून दिली. नारळपाणी, मग पेज, मग मऊ भात. ताप आला नाही. दुर्बिणीच्या एका छिद्रातून दोन दिवस थोडा पातळ द्रव झिरपला, ते जेल होतं, आपोआप थांबलं. पाचव्या दिवशी घरी.

पॅथॉलॉजीच्या अहवालात क्षयरोगाच्या गाठी नव्हत्या. दाट तंतू होते आणि त्यात रेशमी टाक्याचे जुने धागे, भोवती परक्या वस्तूला घेरणाऱ्या मोठ्या पेशी. पंधरा वर्षांपूर्वी फुटलेलं ॲपेंडिक्स त्या गावातल्या डॉक्टरांनी वेळेत काढलं आणि जीव वाचवला. धागा त्याच कामाचा भाग होता. आज तिथे शोषला जाणारा धागा वापरला असता, आणि दुर्बिणीने केलं असतं तर पट्टी कदाचित झालीच नसती. स्कॉटलंडच्याच नव्या, २०२० च्या अभ्यासात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर चिकटण्याशी थेट संबंध असलेल्या कारणासाठी १.७ टक्के रुग्ण पुन्हा दाखल झाले, उघड्या शस्त्रक्रियेनंतर ४.३ टक्के. कुठलंही जेल लावण्याआधी मिळणारा हा फायदा आहे.

पुढच्या दीड वर्षात त्यांना एकदा, भाच्याच्या लग्नाच्या जेवणावळीनंतर, कळा आल्या. रात्रभर उपाशी राहिल्या, सकाळी सगळं सुटलं, एक्स-रे ठीक होता. तीन वर्षांचा फिरता गोळा पुन्हा आला नाही. आत पुन्हा दुर्बीण घालून पाहिलेलं नाही आणि पाहायचं कारणही नाही. त्यामुळे जेलने नेमकं किती वाचवलं आणि कापण्यातल्या संयमाने किती, हे वेगळं काढता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यांचे उपचार चालू आहेत. नंतर केलेल्या तपासणीत डावी नळी उघडी आहे, उजवीतूनही रंग पुढे जातो, उशिरा पण जातो.

घरी जाताना आम्ही शस्त्रक्रियेच्या टिपणाची पूर्ण प्रत दिली, नुसतं डिस्चार्ज कार्ड नव्हे. त्यात काय कुठे चिकटलं होतं, काय सोडवलं, काय सोडलं, जेल कुठे लावलं आणि दुर्बीण कुठून आत गेली हे मराठीत लिहिलं आहे. पुढे कधी सिझेरियनची वेळ आली तर त्या डॉक्टरांना हा कागद दाखवायचा आहे. खाण्याबद्दल एकच सांगितलं: महिनाभर संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे, कच्च्या पालेभाज्या आणि पेरूच्या बिया टाळा, नंतर नीट चावून सगळं खा. आणि कागदाच्या शेवटी ठळक अक्षरांत: पोट फुगलं, वारा बंद झाला आणि उलटी हिरवी आली तर गॅसची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री या.